शेवटचे चार आकडे

आमची गल्ली पुण्यातल्या एरंडवण्यात आहे. तिचं एक तोंड मोठ्या रस्त्याला उघडतं आणि दुसरं तोंडही मोठ्याच रस्त्याला. सगळं दुखणं या दुसऱ्या तोंडात आहे. गल्ली एका बाजूनं बंद असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

मी 1989 साली लग्न होऊन इथं आले तेव्हा दोन्हीकडे बंगले होते. दुपारी पोरं रस्त्यातच क्रिकेट खेळायची. तासाभरात एखादी गाडी आली तर विटांचे स्टंप बाजूला करायची आणि ती गेली की परत मांडायची. आता बंगल्यांच्या जागी इमारती आहेत. ज्या प्लॉटवर एक स्कूटर उभी असायची तिथं आज बारा-पंधरा चारचाकी आहेत. ही गर्दी आमचीच, तिच्याबद्दल बाहेरच्यांना बोल लावता येत नाही. पण कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम सुरू झालं, रस्त्याच्या मधोमध पत्रे लागले आणि कोंडी टाळायला लोक आमच्या गल्लीतून घुसायला लागले. मार्च 2022मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो धावायला लागली, हळूहळू पत्रे निघाले, तरी गाड्या काही परत मोठ्या रस्त्यावर गेल्या नाहीत. वाट एकदा पायाखालची झाली की सुटत नाही. ज्यांच्या पायाखालची नव्हती त्यांना मोबाइलमधला नकाशा दाखवायचा: दोन मिनिटं वाचतील, डावीकडे वळा.

गल्लीला फुटपाथ नाही. कधीच नव्हता, कारण लागतच नव्हता.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर सासूबाई सकाळी कोथिंबीर घेऊन येत होत्या. आम्ही त्यांना आईच म्हणतो. त्यांचं वय तेव्हा 83. रस्त्याच्या अगदी कडेनं चालल्या होत्या. मागून आलेल्या मोटरसायकलच्या आरशात त्यांच्या कापडी पिशवीचा बंद अडकला, त्या ओढल्या गेल्या आणि हातावर पडल्या. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तो मुलगा पळून गेला नाही. गाडी लावून त्यानंच रिक्षा थांबवली, दवाखान्यात दोन तास बसून राहिला, सारखा म्हणत होता, “काकू, मला खरंच दिसल्या नाहीत आजी.” मी त्याला विचारलं, “आमच्या गल्लीत कुणाकडे आला होतास?” तर कुणाकडेच नाही. नळ स्टॉपचा सिग्नल चुकवायचा होता. मला त्याचा राग आला नाही, पण त्या उत्तरानं रात्रभर झोप लागली नाही. ज्याचं आमच्या गल्लीत काहीही काम नव्हतं, त्याच्या दोन मिनिटांसाठी आईचा हात मोडला होता.

आठवड्यानं गच्चीवर बैठक झाली. चार इमारतींतली वीसेक माणसं होती. पहिली सूचना आली ती गेटची. एका तोंडाला गेट बसवू, वॉचमन ठेवू, स्टिकर असलेल्या गाड्याच आत. बरेच जण माना डोलवत होते. खरं सांगायचं तर मीही. आमच्याकडचे एक निवृत्त वकील काका शांतपणे म्हणाले, “हा रस्ता महापालिकेचा आहे. आपल्या वर्गणीतून आपण त्याला दार लावू शकत नाही. उद्या कुणी तक्रार केली की गेट निघेल, आणि निघायलाच हवं.” आणि मग त्यांनी मोटार वाहन कायद्याचं, म्हणजे 1988च्या कायद्याचं, कलम 115 वाचून दाखवलं. लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालता येते, पण ती शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं घालायची. बंदी महिन्याहून जास्त काळासाठी असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते. महिन्याच्या आतली असेल तर स्थानिक पातळीवर जाहीर केलं तरी पुरतं. काकांचं बोट त्या शेवटच्या ओळीवर थांबलं. “आपण हे मागायचं. महिन्यापुरतं. करून बघा म्हणायचं.”

गेट आणि बंदी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं. गेट माणूस बघून उघडतं किंवा मिटतं. आम्हाला जे हवं होतं त्यात येणारा कोण आहे हा प्रश्नच नव्हता. कुणीही यावं, गाडी घेऊन यावं, पण ज्या तोंडानं आत आला त्याच तोंडानं बाहेर पडावं. पायी आणि सायकलवर असलेल्यानं खुशाल आरपार जावं. त्यासाठी अडसर तोंडाशी नको, गल्लीच्या पोटात हवा.

कुणाकडे जायचं हे कळायलाच तीन आठवडे गेले. मार्च 2022पासून महापालिकेत प्रशासक होते, नगरसेवक कुणीच नव्हते. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला समितीच्या बैठकीत आम्ही विषय मांडला. तिथं समजलं की रस्त्यावर खांब, कुंड्या, गतिरोधक बसवायचे ते महापालिकेच्या पथ विभागानं. पण कोणतं वाहन कुठून जाणार याचा आदेश वाहतूक पोलिसांचा. म्हणजे अर्ज दोन. आणि दोन्हीकडे एकच प्रश्न येणार हे मोहल्ला समितीतल्या एका अनुभवी बाईंनी आधीच सांगून ठेवलं: “आरपार जाणाऱ्या गाड्या जास्त आहेत हे कशावरून? तुमच्याच असतील.”

म्हणून आम्ही मोजायला बसलो. जानेवारीतला मंगळवार, सकाळी साडेआठ ते साडेदहा. एका तोंडाशी इस्त्रीवाल्याच्या टपरीजवळ मी आणि दहावीतली एक मुलगी, दुसऱ्या तोंडाशी वकील काका आणि त्यांचे जावई. नुसत्या रेघा मारून उपयोग नव्हता. कोणती गाडी आत राहिली आणि कोणती आरपार गेली हे कळायला हवं होतं. युक्ती त्या मुलीची: नंबर प्लेटचे फक्त शेवटचे चार आकडे लिहायचे आणि पुढे वेळ. मी आकडे म्हणायचे, ती लिहायची. पहिली दहा मिनिटं जमलं. नऊनंतर मला म्हणायलाही फुरसत मिळेना. ती एका हातानं चश्मा सावरत, मान खाली घालून लिहीतच होती. फुलस्केपची पानं संपली तेव्हा तिनं गणिताच्या वहीतली फाडून घेतली.

रात्री जेवणाच्या टेबलावर दोन्हीकडचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि जुळणारे आकडे पेन्सिलनं खोडत गेलो. 4471 माझ्याकडे 9:06, काकांकडे 9:07. 0832 माझ्याकडे 9:06, काकांकडे 9:08. खोडता खोडता कागद करडे झाले. बहुतेक सगळे आकडे दोन्ही कागदांवर होते. जे न खोडता उरले ते आमचे, आमच्या पाहुण्यांचे, कुरिअरवाल्यांचे आणि शाळेच्या व्हॅनचे. मी बँकेत तीस वर्षं खाती जुळवली, पण दोन कागद इतके लख्ख जुळलेले बघून पोटात गोळा आला तो त्याच दिवशी.

मग सह्या. याच टप्प्यावर मी सगळ्यात जास्त शिकले. वकील काकांनी केलेल्या कागदावर तीन रकाने होते: नाव, फ्लॅट क्रमांक, सही. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की या कागदावर इस्त्रीवाला बसत नाही. तो सकाळी सात ते रात्री नऊ गल्लीतच असतो, आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त वेळ. पण त्याला फ्लॅट क्रमांक नाही. म्हणून चौथा रकाना केला, ‘गल्लीत काम करतो/करते’. काहींना हे आवडलं नाही. “उद्या तुम्ही भाजीवाल्यालाही विचाराल,” असं एक बाई म्हणाल्या. विचारलं. त्याच्या हातगाडीला मागून हॉर्न मारमारून लोक हैराण करतात, त्यानं सगळ्यात ठसठशीत अंगठा उठवला.

सगळेच इतके सोपे नव्हते. किराणा दुकानदार गेली वीस वर्षं ओळखीचे. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, “ताई, तुम्ही ज्यांना आरपार म्हणता ते माझं गिऱ्हाईक आहे. ऑफिसहून जाताना ब्रेड, दूध, अंडी घेणारे. गल्लीतली माणसं महिन्याचं सामान आता फोनवरून मागवतात. मग मी कुणाच्या जिवावर उघडं ठेवू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी सही केली नाही, आणि त्यांनी करावी असा आग्रह मी धरू शकले नाही.

तळमजल्यावरच्या एका आजोबांचा मुलगा हृदयरोगी आहे. त्यांनी ना सही केली ना नकार दिला; त्यांनी प्रश्न विचारले. रुग्णवाहिका चुकीच्या तोंडानं आली तर तिला वळसा घालायला किती वेळ लागेल? रात्री दोन वाजता मधला अडसर कोण हलवणार? किल्ली कुणाकडे? मी घरी येऊन हे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे उतरवले. पुढे आमच्या अर्जात ज्या अटी गेल्या त्यातली पहिली त्यांचीच: अडसर असा हवा की एका माणसाला किल्लीशिवाय, हातानं, एका झटक्यात पाडता यावा.

एका इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. “दिवसा बरंच आहे हो. पण मी रात्री साडेआठला सुटते. आता गाड्या असतात म्हणून भीती वाटत नाही. तुम्ही गाड्या काढल्या की त्या झाडाखाली मिट्ट काळोख.” आम्हाला गाड्यांची भीती वाटत होती आणि त्यांना गाड्यांचा आधार. दुसरी अट झाली: अडसर बसेल त्याच दिवशी तिथला बंद पडलेला दिवा लागला पाहिजे आणि फांद्या छाटल्या पाहिजेत.

एका गृहस्थांनी दारातच साफ नाही म्हटलं. “मी रोज कामाला जाताना दुसऱ्यांच्या तीन गल्ल्यांतून जातो. इथं बंदीवर सही करायची आणि तिथं तसंच जायचं, हे मला जमणार नाही.” त्यांच्याशी वाद घालावा असं मला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडईत जाताना स्कूटर नेहमीच्या गल्लीत वळवताना त्यांचे शब्द आठवले आणि मी सरळ गेले. तेव्हापासून सरळच जाते. चार मिनिटं जास्त लागतात.

आता अडसर कसा असावा हा प्रश्न. माझी मावसबहीण लंडनमध्ये वॉल्थमस्टोला राहते. तिच्या भागात 2014मध्ये आधी दोन आठवड्यांची चाचणी झाली आणि मग पुढच्या वर्षी कितीतरी गल्ल्या अशाच पोटातून बंद केल्या. तिनं फोटो पाठवले: लाकडी खोक्यांत झाडं, मधे खांब, बाजूनं सायकली चाललेल्या. 2015मध्ये विरोध करणाऱ्यांनी तिथं शवपेटी खांद्यावरून मिरवली होती, आता हा भाग मेला म्हणून. तेही तिनं सांगितलं. “आमच्याकडेही भांडणं कमी झाली नाहीत ग,” म्हणाली. तिथल्या कायद्यात प्रायोगिक आदेश अठरा महिन्यांपर्यंत चालू शकतो आणि पहिले सहा महिने हरकती घेतात, म्हणजे लोक आधी भोगून मग बोलतात. मला ते पटलं. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मत देण्यापेक्षा महिनाभर तिच्यात राहून दिलेलं मत खरं.

पण तिचे खांब आमच्या कामाचे नव्हते, आणि हे समजायला शिंप्याची टेप लागली. दोन खांबांत अंतर किती ठेवायचं? कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई सकाळी कचऱ्याची ढकलगाडी घेऊन येतात, ती सुटली पाहिजे. त्यांना थांबवून आम्ही गाडी मोजली: पावणेतीन फूट. व्हीलचेअरला हात न घासता जायला तीन फूट तरी हवेत. मग खाली उभी असलेली माझी स्कूटर मोजली. हँडलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वादोन फूट. ताई टेपकडे बघून हसल्या नाहीत, गंभीरपणे म्हणाल्या, “म्हणजे माझी गाडी जाईल तिथनं सगळ्या टू-व्हीलर जाणार.” लंडनच्या गल्लीला हा प्रश्न पडत नाही, पुण्याच्या गल्लीला पहिला हाच पडतो. जी फट चालणाऱ्यासाठी आणि ढकलगाडीसाठी ठेवायची, तीच दुचाकीला पुरते. आईच्या पिशवीत अडकला तो आरसाही दुचाकीचाच होता.

त्यावर आम्ही खूप डोकं चालवलं. फटीआधी नागमोडी वाट करायची, म्हणजे दुचाकीला उतरून ढकलत न्यावं लागेल, असं काकांचे जावई म्हणाले. पण नागमोडीत व्हीलचेअर अडकते, ढकलगाडीही अडकते. मी त्याला विरोध केला. दुचाकी थांबवण्यासाठी जर आई उद्या चाकाच्या खुर्चीत बसल्यावर अडकणार असेल तर ते नको. शेवटी फट तीन फुटांचीच मागितली आणि दोन्ही बाजूंना गतिरोधक. तोही रस्त्यावर कुठंही घातलेला टोकदार उंचवटा नव्हे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, ज्यावरून हळू जाणाऱ्याच्या पाठीला धक्का बसत नाही. दुचाक्या येतील, पण रांगत येतील. एवढ्यावर समाधान मानलं.

अर्ज गेले. उन्हाळ्यात आदेश निघाला, महिन्याच्या आतला, प्रायोगिक तत्त्वावर. अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलिसांची वाहनं वगळून. खाली नेहमीची ओळ होती: नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना लेखी स्वरूपात कळवाव्यात. माझ्या आयुष्यात अशा किती तरी सूचना वर्तमानपत्रात बघितल्या असतील, पान उलटलं असेल. ही मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

पहिल्या दिवशी सकाळी गल्लीच्या मधोमध पाणी भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे लागले. तोंडाशी फलक होता, पण फलक कोण वाचतं. गाड्या शिरायच्या, मध्यापर्यंत यायच्या, ब्रेक, हॉर्न, मग त्या अरुंद जागेत मागे-पुढे करत वळायच्या. पहिले तीन दिवस आवाज आधीपेक्षा जास्त होता. कुणी शिव्या देऊन गेलं. एका रात्री कुणीतरी अडथळे ओढून बाजूला टाकले. सकाळी दुधाच्या पिशव्या आणायला उतरलेल्या दोन पोरांनी ते परत सरळ केले. आठवड्यानं नकाशालाही कळलं असावं, कारण चुकून शिरणाऱ्या गाड्या एकदम कमी झाल्या.

त्या रविवारी संध्याकाळी अडथळ्याच्या अलीकडे चार पोरं विटा मांडून खेळत होती. आई गॅलरीत उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. फक्त त्यांनी चपला मागितल्या, आणि आम्ही दोघी रस्त्याच्या मधून, कडेनं नव्हे, अडथळ्यापर्यंत जाऊन आलो. सहा महिन्यांत त्या पहिल्यांदा पिशवी न घेता, काही आणायचं नसताना, नुसतं फिरायला बाहेर पडल्या होत्या.

दहाव्या दिवशी दारावर एक बाई आल्या. ओळख नव्हती. शेजारच्या गल्लीत त्या पाळणाघर चालवतात. मी आत बोलावलं, पाणी दिलं. त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमच्या गल्लीत शिरायच्या त्या गाड्या आता आमच्याकडून जातात. संध्याकाळी सहाला पालक मुलांना न्यायला येतात तेव्हा दारात उभं राहता येत नाही. तुमच्या आजी पडल्या म्हणून तुम्ही गल्ली बंद केलीत. माझ्याकडची मुलं अजून पडली नाहीत, एवढाच फरक.” थोडं थांबून म्हणाल्या, “तुम्ही घरोघर गेलात म्हणे. इस्त्रीवाल्यालाही विचारलंत. आमच्याकडे का नाही आलात?”

आमच्या आणि त्यांच्या गल्लीमध्ये एकच भिंत आहे. आमच्या मागच्या गॅलरीतून त्यांच्या पाळणाघरातल्या मुलांचा प्रार्थनेचा आवाज रोज ऐकू येतो. आम्ही चौथा रकाना केला, त्याचा मला अभिमान होता; पण भिंतीपलीकडे कुणी राहतं हे कागदावर कुठंच नव्हतं. गाडी भिंत बघत नाही, तिला एक वाट बंद झाली की ती शेजारची धरते. काही गाड्या मोठ्या रस्त्यावर परतल्या असतीलही, पण उरलेल्या कुणाच्या तरी दारातूनच जाणार. हे आम्हाला कळायला हवं होतं.

हरकतींची मुदत संपायला आठ दिवस होते. मी माझ्याच गल्लीच्या आदेशावर सूचना लिहिली: हा बदल एकट्या गल्लीसाठी कायम करू नये, दोन्ही गल्ल्यांचा एकत्र विचार करावा. इमारतीच्या ग्रुपवर ती वाचून दाखवली तेव्हा दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. “एवढं मिळवलं आणि आता तुम्हीच घालवायला निघालात,” असं ज्यांच्याबरोबर मी घरोघर हिंडले त्यांनीच सुनावलं. वकील काकाही नाराज होते. त्यांचं म्हणणं, आधी आपलं पक्कं करून घेऊ, मग शेजारच्यांना मदत करू. त्यांच्या म्हणण्यात व्यवहार होता, हे मी मानते. पण आधी आपलं पक्कं करणारे सगळेच असतात, आणि शेवटची गल्ली सगळ्यांच्या गाड्या झेलत बसते. मी ऐकलं नाही. सूचना पाठवली. सोबत पाळणाघराच्या ताईंनी आणि त्यांच्या गल्लीतल्या लोकांनी आपली हरकत दिली. एकाच लिफाफ्यात दोन्ही गेल्या.

महिना संपला आणि अडथळे निघाले. दुसऱ्याच सकाळी नऊला हॉर्न सुरू झाले. तो दिवस फार वाईट गेला. आई परत कडेनं चालायला लागल्या, एक हात भिंतीवर ठेवून.

पुढचं घडायला बराच वेळ लागला. त्यातल्या खेपा सांगत बसत नाही. दोन्ही गल्ल्यांची मिळून बैठक झाली ती पाळणाघरातच, मुलं गेल्यावर, छोट्या लाकडी स्टुलांवर बसून. तिथं नवीन मागणी ठरली. मधे अडसर नको. दोन्ही गल्ल्या एकेरी करायच्या, पण अर्ध्यावरून दिशा उलटी: एका गल्लीत दोन्ही तोंडांकडून मध्यापर्यंत फक्त आत यायचं, मध्यावर दोन गल्ल्यांना जोडणारा जो बोळ आहे तिथून वळायचं, आणि दुसऱ्या गल्लीत मध्यापासून दोन्ही तोंडांकडे फक्त बाहेर पडायचं. म्हणजे घरच्याला दारापर्यंत गाडी नेता येते, रुग्णवाहिकेला कुठलाच खांब आडवा येत नाही, पण सरळ घुसून सरळ बाहेर पडण्याचा फायदा संपतो. तळमजल्यावरच्या आजोबांनी या कागदावर सही केली. किराणावाल्यांनीही केली, या आशेनं की वळून जाणारा निदान हळू जाईल आणि थांबेल. मावशींच्या झाडाखालचा दिवा मात्र नव्यानं न मागताच लागला होता. पहिल्या वेळच्या अर्जामुळे आला, तो राहिला.

दुसरी चाचणी सुरू झाली तेव्हा चारचाक्या दोन्हीकडे कमी झाल्या. दुचाक्यांचं सांगता येत नाही. एकेरीत उलटं घुसणारे आहेतच, आणि उलटा येणारा समोरून येतो म्हणून आई त्याला घाबरतात आणि तो दिसतो म्हणून सावरतातही. किराणावाल्यांची ब्रेड-अंड्यांची विक्री पहिल्यासारखी झालेली नाही, हे त्यांनी मला गेल्याच आठवड्यात सांगितलं. ज्या गृहस्थांनी दारातच नकार दिला होता ते अजूनही नकारावर ठाम आहेत. पण ऑफिसला आता मोठ्या रस्त्यानं जातात, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं.

परवा पाळणाघराच्या ताईंचा फोन आला. पलीकडे तिसरी गल्ली आहे, तिथल्या कुणीतरी त्यांच्याकडे विचारणा केली होती, की हल्ली आमच्याकडे गर्दी वाढल्यासारखी वाटते, तुमच्यामुळे तर नाही ना? ताई म्हणाल्या, “खरं आहे की नाही मला माहीत नाही. पण बघायला हवं ना?” मंगळवारी सकाळी सव्वाआठला आम्ही तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दहावीतली ती मुलगी आता कॉलेजात आहे, ती दुसऱ्या तोंडाला गेली, तिथल्याच एका आजोबांना बरोबर घेऊन. ताईंनी फुलस्केपवर दोन रकाने आखले. 8:31ला पहिली गाडी आत वळली. मी आकडे म्हटले, त्यांनी लिहिले.